पातळ पुस्तकाची किंमत: स्वतः बनवलेल्या रोलप्लेइंग गेमला दर कसा लावावा

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका आयुष्यभर छापखान्यात होते. माझ्या खेळाची पहिली छापील प्रत त्यांना दाखवायला घेऊन गेले, तर वाचायच्या आधी त्यांनी मधलं एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. "शंभरचा कागद. सेंटर पिन. अठ्ठेचाळीस पानं," म्हणाले. मग पुस्तक उलटं करून मागच्या कव्हरवरची किंमत बघितली. "एकशेवीस? हा आकडा कुठून आणलास?"

मी सांगितलं, छपाईचे बासष्ट रुपये पडले, त्याची दुप्पट केली आणि चार रुपये सोडून दिले.

"म्हणजे कागदाचे आले, शाईचे आले, पिनेचे आले. तुझे कुठे आहेत यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने मी वही घेऊन हिशेब करत बसले, चुका केल्या, पुन्हा केले. इंदुरात किंवा कुठेही बसून स्वतःचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, बोलत खेळायचा खेळ) लिहिणाऱ्या आणि किमतीपाशी येऊन अडलेल्या माणसाला तेवढे दोन महिने घालवावे लागू नयेत, म्हणून तो सगळा हिशेब इथे मांडते आहे.

माझा खेळ जासुदांचा, म्हणजे निरोप पोचवणाऱ्यांचा आहे. अठराव्या शतकातला माळवा, ऐन पावसाळा, इंदुराहून महेश्वरला पोचवायची एक थैली आणि मधे जाम घाट. चार खेळाडू जासूद होतात, पाचवा गोष्ट चालवणारा सूत्रधार. पुस्तक विकत घेणारा एकच, खेळणारे पाच, आणि एक डाव तीन तास चालतो. हे आधी सांगते, कारण किमतीबद्दल बोलताना लोक हाच भाग विसरतात. अडीचशे रुपयांना पाचने भागलं तर माणशी पन्नास पडतात. छप्पन दुकानांवरचा खाण्याचा एक फेरासुद्धा पन्नासात होत नाही.

पानं मोजून किंमत ठरवायची सवय आपल्याला वह्या-पुस्तकांमुळे लागली आहे. खजुरी बाजारात आपण गाइड हातात घेऊन जाडी बघतो आणि मनात आकडा बांधतो. रोलप्लेइंग गेमचं तसं नसतं. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खेळ पहिल्यांदा विकायला आला, तेव्हा त्या डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या आणि किंमत १० डॉलर. पहिल्या खेपेला हजार प्रती काढल्या होत्या. महागाई धरली तर ते दहा डॉलर आज साठाच्या पुढे जातात. त्याच खेळाचं २०२४ सालचं ३८४ पानी, रंगीत, पक्क्या बांधणीचं प्लेअर्स हँडबुक मात्र ४९.९९ डॉलरला मिळतं. मोठ्या कंपनीला हे परवडतं, कारण तिच्या प्रती अफाट खपतात. आपण तिच्या पुस्तकाशेजारी आपलं पुस्तक ठेवून "ते एवढं जाड एवढ्याला, मग माझं केवढ्याला" असं त्रैराशिक मांडलं, तर पहिल्याच ओळीत बुडतो.

पहिली पायरी: तासांची वही

खेळ लिहायला घ्याल त्या दिवसापासून तास लिहून ठेवा. माझी चूक अशी झाली की मी फक्त लिहिण्याचे तास धरले होते. नंतर कॅलेंडर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप चाळून सगळं पुन्हा मांडलं: लेखन ९० तास. चाचणीचे डाव चौदा, प्रत्येकी तीन तास, म्हणजे ४२. मांडणी आणि मुद्रितशोधन ३८. एकूण १७०.

यातले शेवटचे ३८ तास मराठीत लिहिणाऱ्याने जरा जास्तच धरावेत, विशेषतः आपल्या गावात. इथे डीटीपी करणारे बहुतेक जण हिंदीत काम करतात. माझी फाइल एकाने युनिकोडवरून क्रुतिदेव या जुन्या हिंदी फाँटमध्ये फिरवली आणि ती परत आली तेव्हा "होळकर"चं "होलकर" झालं होतं, "थैली" शाबूत होती, पण "दऱ्या"मधला र पार मोडला होता. पुढच्या वेळी मी मांडणी घरीच केली, "तिरो देवनागरी मराठी" हा मोफत फाँट घेऊन. त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड करून पाठवला आणि छापखान्यात सांगितलं, फाइल उघडायची नाही, थेट छापायची. फाँटला पैसे लागले नाहीत, तास लागले. ते वहीत गेले.

आता तासाचा दर. इथे प्रत्येकाचा हात आखडतो. माझा मार्ग साधा होता: मी संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते, तिथे मला तासाला जे मिळतं त्याच्या आसपासचा आकडा धरला, २०० रुपये. १७० तासांचे ३४,००० झाले. चित्रकार मैत्रिणीला कव्हर आणि सात रेखाचित्रांचे ९,००० दिले. नमुना प्रती, रिक्षा, पाकिटं मिळून १,५००. बेरीज ४४,५००.

चित्रांचे पैसे मैत्रीखातर टाळू नका. आणि जे पैसे खरंच लागले नाहीत ते खोटे धरूही नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांचा ५.१ हा संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे. त्यावर खेळ बांधलात तर परवान्याचा खर्च शून्य, फक्त श्रेयाची ओळ नेमकी छापायची.

दुसरी पायरी: किती जण घेतील, हे खरं खरं लिहा

मनातला आकडा लिहू नका. ज्यांची नावं लिहून काढता येतील ती लिहा. मी तीन याद्या केल्या. एक, माझ्याबरोबर खेळलेले. दोन, इथल्या मराठी मंडळांतले, गणपतीत आणि दिवाळीत टेबल लावलं तर थांबून चौकशी करतील असे. तीन, पुण्या-मुंबईचे, ऑनलाइन ओळखीचे खेळाडू. सगळ्या मिळून दोन वर्षांत १५० छापील प्रती आणि ६० मराठी पीडीएफ, यापुढे मला प्रामाणिकपणे जाता येईना. खेळाची इंग्रजी आवृत्तीही काढली आहे, तिच्या पीडीएफ ४० धरल्या.

आकडा लहान आला म्हणून पुष्कळ जण इथेच किंमत उतरवतात: "घेणारे थोडेच आहेत, निदान स्वस्त तरी ठेवू." याच्या नेमकं उलट करायला हवं. मराठी खेळाडूंची संख्या किंमत उतरवून वाढत नाही, डाव खेळवून वाढते. ज्याला रोलप्लेइंग म्हणजे काय तेच ठाऊक नाही, तो शंभरालाही घेणार नाही. ज्याने एक संध्याकाळ जाम घाटात भिजत थैली सांभाळली आहे, तो अडीचशे देतो. घेणारे मोजकेच असतील, तर सगळा खर्च त्यांच्याच प्रतींवर पडणार.

तिसरी पायरी: छपाईचा भाव

सेंटर पिनेच्या, म्हणजे मधोमध दुमडून पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीत लागतात, तेव्हा मजकूर ४५ पानांचा झाला तर तीन पानं भरायला काहीतरी शोधा. मी पात्रांची कोरी पत्रकं टाकली. ए-फाइव्ह आकाराची ४८ पानं म्हणजे ए-फोरचे १२ ताव, मधोमध दुमडलेले. १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारा) ए-फोर सव्वासहा ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आतला मजकूर ७५ ग्रॅम. २५० जीएसएमच्या कव्हरचे १६ धरा. पुस्तक ९० ग्रॅमचं, पुठ्ठा आणि पाकीट धरून सव्वाशेच्या पुढे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बंद पाकीट ठेवून बघा आणि मगच टपालाचा दर विचारा. टपालखर्च किमतीत मिसळू नका, वेगळा लावा. नाहीतर हातोहात घेणाराही टपालाचे पैसे भरतो.

छापखान्यात दोन भाव सांगतील. डिजिटलला प्रतीमागे जास्त पडतात, पण शंभर काय नि तीस काय, काढता येतात. ऑफसेटला आधी प्लेटा काढाव्या लागतात, म्हणून पाचशे-हजार काढल्या तरच प्रत स्वस्त पडते. माझ्या खेळाला डिजिटलच्या शंभर प्रतींचा भाव प्रतीला ६२ होता, ऑफसेटच्या पाचशेचा ३१. निम्मा भाव बघून मोह होतो. पण ३१ने पाचशे म्हणजे १५,५०० रुपये माळ्यावर, आणि माझी यादी दीडशेची. काकांनी यावर एकच विचारलं, "उरलेल्या साडेतीनशे कुठे झोपवणार?" पहिल्या आवृत्तीला डिजिटलच.

चौथी पायरी: हातात किती पडतं

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी फसगत इथेच होते.

पुस्तकाच्या दुकानात प्रत ठेवली तर दुकानदार छापील किमतीवर कमिशन घेतो. मला ४० टक्के सांगितलं, काही ठिकाणी ५०पर्यंत जातं. म्हणजे १२० रुपयांची प्रत दुकानातून गेली की माझ्याकडे ७२ येतात, त्यातले ६२ छपाईचे, उरले १०. तेच पुस्तक २५०ला ठेवलं तर १५० येतात, उरतात ८८. हातोहात विकलं तर १२०च्या प्रतीवर ५८ आणि २५०च्या प्रतीवर १८८. छापील किमतीची पहिली परीक्षा हीच: दुकानाचं कमिशन गेल्यावरही छपाईच्या वर काही शिल्लक राहतं का? माझी १२०ची किंमत या परीक्षेत जेमतेम तगली. ५० टक्क्यांच्या दुकानात प्रत्येक प्रतीमागे पदरचे दोन रुपये गेले असते.

पीडीएफला छपाई नाही, पण मधले हात आहेत. इच डॉट आयओ या खेळ विकायच्या संकेतस्थळावर त्यांचा वाटा विक्रेता स्वतः ठरवतो, न बदलला तर १० टक्के असतो. त्याशिवाय पैसे वळते करण्याचा खर्च, साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट. टक्क्यांचं एवढं काही नाही, घात करतात ते ३० सेंट. एक डॉलरच्या खेळाला १० सेंट संकेतस्थळाचे, ३३ सेंट पैसे वळते करण्याचे, हातात पडले ५७ सेंट. आठ डॉलरच्या खेळाला ८० आणि ५३ सेंट जातात, हातात ६.६७ डॉलर. खेळ स्वस्त करताना आपला वाटा आपण कापतो, त्या तीस सेंटांचा कोणी कापत नाही. ड्राइव्हथ्रूआरपीजी या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाचं गणित वेगळं आहे. फक्त त्यांच्याकडेच विकलं तर लेखकाला ७० टक्के, इतरत्रही विकलं तर ६५. अगदी एका डॉलरच्या खेळाला हे बरं पडतं, दोन डॉलरपासून पुढे इच. दोन्हीकडे ठेवायला हरकत नाही, मी तेच केलं.

मराठी पीडीएफ इथल्या माणसाला विकायची तर पेपॅल या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेचा उपयोग नाही. १ एप्रिल २०२१ पासून त्यांनी भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलं आहे, परदेशातून आलेले घेता येतात. यूपीआयने थेट घेतलं तर पूर्ण रक्कम हातात येते, पण फाइल प्रत्येकाला स्वतः पाठवावी लागते. पेमेंट गेटवे लावला तर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीडशे रुपयांमागे साडेतीन. रात्री अकरा वाजता फाइल पाठवत बसण्यापेक्षा मला साडेतीन रुपये परवडले.

पाचवी पायरी: दोन किमतींचे दोन हिशेब शेजारी मांडा

आता वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे संकोचाची किंमत, उजवीकडे तासांतून आलेली. डॉलरला सोयीसाठी ८५ रुपये धरले आहेत. दीडशे छापील प्रतींपैकी शंभर हातोहात, पन्नास दुकानातून.

डावीकडे: छापील १२०, मराठी पीडीएफ ६०, इंग्रजी ३ डॉलर. छापील प्रतींचे ५,८०० आणि ५०० मिळून ६,३००. मराठी पीडीएफचे सुमारे ३,५००. इंग्रजीचे ७,८५०. एकूण साडेसतरा हजारांच्या थोडं वर.

उजवीकडे: छापील २५०, मराठी पीडीएफ १५०, इंग्रजी ८ डॉलर. छापील प्रतींचे १८,८०० आणि ४,४०० मिळून २३,२००. मराठी पीडीएफचे ८,८००. इंग्रजीचे २२,६५०. एकूण साडेचोपन्न हजारांच्या वर.

माझा खर्च ४४,५००. डावीकडचा रकाना तिथपर्यंत पोचवायला अडीचपट माणसं लागतील, उजवीकडच्या रकान्याची बरोबरी करायला तिप्पट. दीडशेच्या जागी साडेचारशे मराठी घरं. मी ती यादी पुन्हा काढून बसले आणि दोनशेव्या नावाच्या पुढे सरकू शकले नाही. त्या रात्री किंमत ठरली.

तुमचे आकडे वेगळे येतील. उजवा रकानाही खर्चापर्यंत पोचत नसेल तर दोनच गोष्टी बघा: खेळ लहान करता येतो का, किंवा काही तास शिकण्याचे म्हणून सोडून द्यायला मन तयार आहे का. दुसरं चालेल, पण ते वहीत लिहून, समजून-उमजून सोडा.

बाहेरचा अंदाज हवा असेल तर इंग्रजी छोट्या खेळांत एकपानी खेळ फुकट ते तीन डॉलर, झीनच्या (पातळ घरगुती पुस्तिकेच्या) आकाराचा खेळ पीडीएफमध्ये पाच ते दहा डॉलर आणि छापील दहा ते पंधरा, असा साधारण रिवाज दिसतो. पीडीएफ बहुधा छापील किमतीच्या निम्मी. मी मराठीत ती निम्म्याहून थोडी वर ठेवली, कारण प्रत्येक डावाला पत्रकं पुन्हा छापून घेता येतात.

दोन दारं ठेवा

इंग्रजी आवृत्ती डॉलरमध्ये, मराठी आवृत्ती रुपयांत, दोन्ही वेगळ्या ठिकाणी. आठ डॉलरचे थेट रुपये करून मराठी वाचकाला सांगितले तर ते सहाशे ऐंशी होतात, आणि तो आकडा आपल्या घरांत बसत नाही. उलट दीडशे रुपयांचे डॉलर केले तर परदेशातला खेळाडू खेळाकडे बघतही नाही, "एवढा स्वस्त म्हणजे अर्धवट असणार" असं त्याला वाटतं.

आणि तिसरी एक फट असू द्या, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी. इचवर "कम्युनिटी कॉपी" नावाची छान रीत आहे: लेखक काही प्रती शून्य किमतीला ठेवतो, कोणी विकत घेतली किंवा जास्त पैसे दिले की तशा आणखी प्रती वाढवतो. गरजू माणूस न विचारता घेतो, कोणाला तोंड दाखवावं लागत नाही. छापील पुस्तकासाठी मी तेच आपल्या पद्धतीने केलं, दहा प्रती गेल्या की एक वाचनालयाला. किंमत सगळ्यांसाठी उतरवण्यापेक्षा हे मला फार पटतं. ज्याला देणं शक्य आहे तो पूर्ण देतो, ज्याला नाही त्याच्या हातातही पूर्णच खेळ पडतो.

"वाटेल ते द्या" ही पद्धत मी एका एकपानी खेळाला लावून बघितली. बहुतेकांनी शून्य दिलं, आणि ज्यांनी दिलं त्यांनी सुचवलेल्या आकड्याएवढंच दिलं. खेळ ओळखीचा करायला ती चांगली आहे, पण १७० तासांच्या कामाला मी ती लावणार नाही.

सवलती आणि बंडल (अनेक खेळ एकत्र, एकाच किमतीला) यांत घाई नको. पहिल्या महिन्यात सवलत दिली तर ज्यांनी आधी धावत येऊन घेतलं त्यांनाच शिक्षा होते. बंडलमध्ये वर्षाने जा. २०२० साली इचवर वांशिक न्यायासाठी निघालेल्या बंडलची किमान किंमत ५ डॉलर होती आणि ८० लाख डॉलरहून जास्त जमले. अशा कामाला खेळ दिला याचं समाधान मोठं आहे, तो आकडा मात्र आपल्या किमतीचं माप म्हणून धरू नये.

फासे वेगळे विका

कराचं थोडक्यात सांगते, बाकी सीएला विचारा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण पुस्तक आणि फाशांचा संच एका डब्यात घालून एकच किंमत लावली की ते मिश्र विक्रीत मोडतं आणि आतल्या सगळ्यात चढ्या दराचा कर पूर्ण डब्यावर बसतो. शिवाय बंद डब्यावर छापायच्या मजकुराचे नियम लागू होतात. म्हणून फासे वेगळे, पुस्तक वेगळं. आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो, तेव्हा छपाईच्या आधीच घ्या. दुकानं आणि वाचनालयं तो विचारतात.

किंमत तोंडाने सांगायची

ही पायरी कोणी शिकवत नाही. टेबलावर बसल्यावर "केवढ्याला?" असं विचारलं की आपण म्हणतो, "अडीचशे आहे, पण तुम्हाला..." त्या "पण"ची सवय मोडावी लागते. मी घरी आईसमोर उभी राहून सराव केला. "अडीचशे." आणि गप्प. समोरचा माणूस पान उलटतो, चित्र बघतो, त्याला तेवढा वेळ हवा असतो. मग काही विचारलं तर खेळाबद्दल सांगावं, किमतीबद्दल नाही. गणपतीतल्या टेबलावर एका आजींनी प्रत हातात घेऊन विचारलं, "यात नेमकं करायचं काय?" मी तिथेच त्यांना जासूद केलं, नदीला पूर आणला आणि विचारलं, थैली डोक्यावर बांधून उतरणार की नावाड्याची वाट बघणार? त्या म्हणाल्या, "नावाड्यावर भरवसा नाही, मी उतरते." त्यांनी नातवासाठी दोन प्रती घेतल्या.

२४९ वगैरे लिहू नका. यूपीआय आल्यापासून सुट्ट्यांचा प्रश्न उरलेला नाही, आणि गोल आकडा ताठ मानेने सांगता येतो. खेळ स्वतः जाऊन खेळवायला कोणी बोलावलं, तर त्या संध्याकाळचे पैसे पुस्तकाच्या किमतीत धरू नका. ते वेगळं काम आहे, त्याचा दर आधी फोनवर ठरवा.

किंमत वाढवायची ती पुढच्या छपाईला. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि वर चिकटपट्टी लावणं वाचकाला लगेच कळतं. माझ्याकडे १२० छापलेल्या बावीस प्रती उरल्या होत्या. त्या १२०लाच दिल्या, चौदा डावांमध्ये ज्यांनी माझ्या चुका झेलल्या त्या मंडळींना आधी विचारून. तेविसावी प्रत नवी होती. मागच्या कव्हरवर २५० छापलेली. ती काकांनी घेतली.